दोन दिवसांत झील धरता आली तरी पुष्कळ

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय शनिवार-रविवार लोकसंगीताचं निवासी शिबिर घेणार आहे. चाळीसेक माणसं येतील, वयं दहापासून पासष्टपर्यंत, आणि बहुतेकांनी कधी वाद्याला हात लावलेला नाही. शिकवायला पाच जणांना बोलवायचं घाटतंय: एक गोंधळी, एक शाहीर, ढोलकीवाले, पखवाज वाजवणारे एक महाराज आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एक आजी. आयोजक ताईंनी विचारलंय की वेळापत्रक कसं आखावं, म्हणजे लोक खरंच काहीतरी शिकून घरी जातील. आणि शिबिर कोणत्या महिन्यात घ्यावं?

ताई, आधी पाचांचे दोन करा. पाच प्रकार दोन दिवसांत ठेवले की प्रत्येकाला दीड-दोन तास मिळतात. त्यात ओळख करून देण्यात अर्धा तास जातो, वाद्य लावण्यात पंधरा मिनिटं, आणि उरलेल्या वेळात कलाकार आपलं सगळ्यात टाळ्या घेणारं पद म्हणून दाखवतात. लोक खूश होतात, पण घरी जाताना गळ्यात एकही ओळ नसते. मी वीस-बावीस वर्षं अशा शिबिरांत शिकवतोय, आणि सुरुवातीची पाच-सहा वर्षं मीही असंच केलं. आता मी गोंधळ आणि ओवी एवढंच ठेवतो. एक उभ्याने, संबळाच्या दणक्यात म्हणायचं गाणं आणि एक बसून, हाताच्या ओढीवर म्हणायचं. शाहीर आणि पखवाजवाले महाराज यांना पुढच्या वर्षी बोलवा. ढोलकीलाही तोवर थांबू द्या. ढोलकीचं बोट बसायला जो काळ लागतो तो शनिवार-रविवारात मावत नाही, आणि अर्धवट शिकलेल्याचा हात बिघडतो तो वेगळाच.

आता मुख्य गोष्ट. चाळीस नवख्या माणसांना काय शिकवायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. त्यांना झील शिकवा, म्हणजे पुढच्या गाणाऱ्याची ओळ मागून उचलून धरणं.

मी दहा वर्षांचा असताना एका गोंधळी पार्टीबरोबर जायला लागलो. पहिली तीन वर्षं मला संबळाला हात लावू दिला नाही. नाईकांच्या, म्हणजे पार्टीत पुढे गाणाऱ्या मुख्य गोंधळ्याच्या, मागे उभं राहायचं, हातात टाळ, आणि ओळ संपत आली की ती उचलायची. एवढंच काम. तेव्हा मला तो अन्याय वाटायचा. पुढे मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा कळलं की आपल्या गाण्यात नवख्या माणसासाठी जागा आधीपासूनच करून ठेवलेली आहे. गोंधळात ती आहे, पोवाड्यात शाहिराच्या मागे आहे, तमाशात सुरत्यांची आहे, भजनात टाळकऱ्यांची आहे. पुढचा एकटा गातो आणि मागचे धरतात. मागे उभं राहून माणूस ठेका ऐकतो, शब्द त्याच्या कानावरून शंभर वेळा जातात, पुढच्याचा दम कुठे तुटतो ते त्याला कळतं. शिबिरासाठी नवी पद्धत शोधायची गरजच पडत नाही. फक्त ही जागा मान देऊन वापरायची.

झील म्हणजे मागून तीच ओळ म्हणणं असं लोकांना वाटतं, आणि शहरातून आलेली मंडळी तिथेच अडकतात. ती शाळेतल्या वर्गासारखी थांबतात. नाईकांची ओळ पूर्ण होऊ देतात, मग सगळे मिळून म्हणतात. मधे क्षणभर पोकळी पडते आणि तेवढ्यात गाणं खाली बसतं. खरी झील ओळ संपायच्या आधी सुरू होते. नाईक शेवटच्या शब्दावर आले की मागच्यांनी तो शब्द त्यांच्या तोंडातून उचलायचा, सूर वर ताणून धरायचा, आणि नाईकांनी श्वास घेऊन पुढची ओळ उघडली की मगच सोडायचा. म्हणजे दोन्ही टोकांना थोडं थोडं एकमेकांवर चढायचं. दोन माणसं जड पेटी एकमेकांच्या हातात देतात तेव्हा एकाने पूर्ण पकडल्याशिवाय दुसरा सोडत नाही, तसंच हे.

हे तोंडी सांगून येत नाही. आम्ही शनिवारी सकाळी सगळ्यांना गोल उभं करतो. वाद्य नाही, कागद नाही. पहिला अर्धा तास फक्त पाय. आम्ही शिबिरात घेतो त्या पदांचा ठेका सहा मात्रांच्या अंगाने झुलतो, आणि चार-चार मात्रांवर टाळ्या वाजवायची सवय झालेल्यांना तो लगेच सापडत नाही. म्हणून आधी डाव्या-उजव्या पायावर वजन टाकत डुलायचं. शरीर हललं की टाळी आपोआप योग्य जागी पडते. मग नाईक एकच ओळ घेतात. तीच ओळ, पुन्हा पुन्हा, वीस मिनिटं. लोक विचारतात, पुढची ओळ केव्हा? मी म्हणतो, ही उचलायला जमली की. साधारण दहाव्या-बाराव्या वेळी एखादी मुलगी नाहीतर एखादे निवृत्त गुरुजी वेळेआधी शब्द उचलतात, दचकतात, चुकलो असं समजून थांबतात. तेव्हा नाईक त्यांच्याकडे बोट करून म्हणतात, "हां, असंच." त्यानंतर अर्ध्या तासात सगळा गोल बदलतो. हे मी प्रत्येक शिबिरात पाहिलंय आणि तरीही दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

शब्दांचे छापील कागद वाटू नका. ताई, हे मी हट्टाने सांगतो. कागद हातात आला की मान खाली जाते, डोळे ओळीवर चिकटतात आणि कान बंद होतो. नाईकांचं तोंड बघूनच झील कुठे उचलायची ते कळतं. ज्यांना शब्द लिहून हवे असतील त्यांनी रात्री जेवल्यावर आठवून लिहावेत. जे आठवणार नाहीत ते रविवारी सकाळी विचारावेत. ज्या शब्दासाठी माणूस रात्रभर डोकं खाजवतो तो शब्द पुढे विसरत नाही.

सुराचंही असंच. शिबिर म्हटलं की कुणीतरी हौसेने पेटी (हार्मोनियम) घेऊन येतं. पेटी वाईट नाही, भजनात ती किती वर्षं साथ करतेय. पण पहिल्या दिवशी तिला बाजूला ठेवा. नाईकांचा स्वर अनेकदा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे उभा असतो, आणि पेटी वाजली की लोक पेटीला धरून गातात, नाईकांना सोडतात. सुराला तुणतुणं पुरेसं आहे. तुणतुण्याची खुंटी पिळून तार नाईकांच्या गळ्याला मिळवतात ते सगळ्यांना जवळ बसवून दाखवा, मोबाइलवरच्या यंत्राशिवाय. एकेकाला खुंटी फिरवू द्या. एक तार, तिच्यात दुसरं काही करण्यासारखं नाही, म्हणून माणूस पहिल्यांदाच फक्त सुराकडे लक्ष देतो. दहा वर्षांच्या पोरांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

गाण्याच्या पट्टीबद्दल, म्हणजे किती वरच्या सुरात गायचं त्याबद्दल, नाईकांशी आधी फोनवर बोलून घ्या. रानात, मंडपात, माइकशिवाय गाऊन तयार झालेले गळे चढे असतात. त्यांच्या पट्टीत चाळीस नवख्यांनी दोन दिवस झील ओढली तर रविवारी दुपारी निम्म्यांचा आवाज बसतो. शिकवताना खाली उतरा आणि रात्रीच्या कार्यक्रमात त्यांना त्यांच्या पट्टीत गाऊ द्या, असं मी सरळ सांगतो. समजून घेतात. बायकांना पुरुषांची पट्टी मधेच पडते, ना वर ना खाली. त्यांची झील वेगळी बसवावी लागते. त्यासाठी शनिवारी दुपारचा एक तास राखून ठेवा.

वाद्यं किती लागतील असंही विचारलंय. संबळाच्या दोन जोड्या, एक तुणतुणं, टाळांचे दहा-बारा जोड. बस. संबळाच्या काड्या हातात द्यायच्या आधी मांडीवर वाजवून घ्या. एक काडी सरळ, दुसरी टोकाला वाकलेली, आणि नवखा माणूस हमखास दोन्ही सारख्याच जोराने मारतो. वाकडी काडी कातड्यावर आपटायची नसते, तिला पडू द्यायचं असतं. हे मांडीवर कळतं, कारण चूक झाली की मांडीच सांगते. ज्यांना पुढे वाजवायचं आहे असे चार-पाच जण निवडून त्यांना नाईकांच्या मुलाकडे नाहीतर साथीदाराकडे वेगळं बसवा. सगळ्यांना संबळ वाजवायला मिळालाच पाहिजे असा आग्रह धरू नका. चाळीस जणांची पाळी लावली तर प्रत्येकाला तीन मिनिटं येतात आणि संबळाचं पान (वरचं कातडं) मात्र फाटतं.

खंडोबाच्या जागरणाची आवड असलेल्या कुणी दिमडी (हातात धरून वाजवायचं छोटं चर्मवाद्य) आणा म्हटलं तर एक काळजी घ्या. जुन्या दिमड्यांवर घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड संरक्षित आहे, त्यामुळे तसली दिमडी विकत घेऊ नका आणि "खास जुनी" म्हणून कुणी देऊ केली तरी नको म्हणा. बकरीच्या कातड्याची किंवा प्लॅस्टिकच्या पानाची मिळते. गोव्यात घुमट या वाद्याचं हेच झालं. मातीच्या त्या भांड्याला घोरपडीचं कातडं लावायची रीत होती, आता बकरीचं लावतात, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. नाद थोडा बदलला असं जुने वाजवणारे म्हणतात. बदलला असेलही, पण वाजवणारी पोरं वाढली, मला तेच मोठं वाटतं.

आता ओवी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि सगळ्या प्रेमापोटी होतात. आजींना व्यासपीठावर खुर्ची देतात, समोर माइक ठेवतात, शाल पांघरतात आणि म्हणतात, आजी, म्हणा. आजी दोन ओव्या म्हणतात, तिसरी आठवत नाही. लोकांना वाटतं वयामुळे विसरल्या. तसं नसतं. ओवी हातात असते. जात्याचा खुंटा धरून हात फिरायला लागला की एकीतून दुसरी येते. वाचनालयात जातं आणा, खरं, आणि मूठ मूठ टाकायला ज्वारी किंवा तांदूळ आणा. आजींच्या समोर एक बाई बसू दे, दोघींचे हात एका खुंट्यावर. बाकीच्या आठ-दहा जणी भोवती, जमिनीवर. पुरुषांनाही बसू द्या. गेल्या काही वर्षांत ओवीला सर्वांत मन लावून पुरुषच बसलेले मी पाहिलेत. आईचं ऐकलेलं असतं आणि कधी नीट ऐकलेलं नसतं.

इथे शिकवायचं एकच: श्वास आणि हात. जात्याला ओढ लागते तिथे शब्द लांबतो, हात परत येताना शब्द सुटतो. समोर बसलेल्या बाईचा हात आजींच्या हाताबरोबर फिरतो, त्यामुळे तिला लय सांगावी लागत नाही. ती तिच्या खांद्यातून येते. पंधरा-वीस मिनिटांनी बाई बदला. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी असे दोन तास मिळाले तर सहा-आठ जणींना तरी जात्यावर बसता येतं. रविवारी मी त्यांना सांगतो की स्वतःची एक ओवी बांधा. आपल्या माणसाचं नाव घालून. भावाचं, लेकीचं, गावाचं, नदीचं. ओवीची ती रीतच आहे. पहिल्या दहा मिनिटांत कुणी तोंड उघडत नाही, आणि मग एकीला रडू येतं, आणि मग सगळ्या म्हणायला लागतात. त्या वेळी कुणी फोन वर काढू नये एवढी व्यवस्था करा.

शिबिराला यायच्या आधी लोकांना काही ऐकायला सांगायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतल्या बायकांकडून गोळा केलेल्या ओव्या सांगा. एक लाखाच्या वर ओव्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरींचं ध्वनिमुद्रण पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळाने सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. गाणाऱ्या बायकांची नावं आणि गावं त्यात नोंदलेली आहेत. तुमच्या तालुक्याच्या आसपासचं गाव सापडलं तर शुक्रवारी रात्री सगळ्यांना बसवून ऐकवा. आपल्या शेजारच्या गावातला आवाज कानावर पडला की माणसं वेगळ्या कानाने ऐकतात.

ध्वनिमुद्रणाचं मी मुद्दाम काढतोय. एका शिबिरात (गाव आणि संस्था सांगत नाही) आजींच्या ओव्या कुणीतरी फोनवर टिपल्या आणि न विचारता सगळीकडे पाठवल्या. त्यातल्या एका ओवीत आजींच्या मेलेल्या लेकाचं नाव होतं. ते चार लोकांत ऐकून आजींना काय वाटलं असेल ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. तेव्हापासून माझा नियम असा: पहिल्या सत्राआधी कलाकाराला सगळ्यांसमोर विचारायचं की काय टिपू आणि काय नको, आणि ते म्हणतील तो शेवटचा शब्द. शिकणाऱ्यांनी स्वतःचाच आवाज, स्वतःची झील टिपावी. घरी जाऊन तीच ऐकायची असते.

गोंधळातलंही सगळंच शिकवायचं नसतं. चौक मांडणं, दिवटी, देवीला आणि इतर दैवतांना गोंधळाला या म्हणून आवाहन, हा पूर्वरंग घरात काही कारण असताना, यजमानासाठी होतो. तो शिबिराच्या फरशीवर सराव म्हणून दहा वेळा करायला काही नाईक तयार होतात, काही होत नाहीत. त्यांनाच विचारा आणि नाही म्हणाले तर कारण मागू नका. आख्यानातली, म्हणजे त्यानंतरच्या कथेतली, पदं आणि ठेका यांत दोन दिवस भरून उरतील एवढं आहे.

शनिवारी रात्री मात्र खरा गोंधळ होऊ द्या, तासाभराचा का होईना, आणि शिकणाऱ्यांना प्रेक्षक म्हणून बसवू नका. नाईकांच्या मागे उभे करा. दहा-दहा जणांच्या तुकड्या, एका आख्यानाला चार वेळा बदलायच्या. दिवसभर जी एक ओळ घोटली ती रात्री संबळाच्या आवाजात, चढ्या पट्टीत, दिवटीच्या उजेडात उचलायची. काही जणांना ती जमणारच नाही. ज्यांना जमेल त्यांच्या पाठीतून काहीतरी सरकून जातं. रविवारी सकाळी हीच माणसं अर्धा तास आधी येऊन बसतात.

रविवारी दुपारी चौघा-चौघांचे गट करा: एक पुढे, दोन झीलकरी, एक टाळावर. पुढे गाणारा दर फेरीला बदलायचा. पालकांसमोर मंचावर सादरीकरण ठेवू नका. मंच म्हटला की रविवारचा सगळा वेळ कपडे, रांगा आणि प्रवेश-निर्गमात जातो, आणि गट आपापसात चुकायला घाबरतात. खोलीत, एकमेकांसमोर गाऊ द्या. पालकांना यायचं असेल तर त्यांनीही झील धरावी.

पैशांचं स्पष्ट बोला. गोंधळी समाज भटक्या जमातींत मोडतो, बऱ्याच घरांत गाणं हाच धंदा आहे, आणि शिकवण्याचा दिवस कार्यक्रमाच्या रात्रीपेक्षा जास्त थकवतो. कार्यक्रमात एकदा गायचं असतं, इथे एक ओळ दीडशे वेळा. म्हणून बिदागी कार्यक्रमापेक्षा कमी असू नये. तुणतुणं धरणाऱ्या साथीदाराची रक्कम वेगळी ठरवा आणि त्याच्याच हातात द्या. प्रवासखर्च आधी पाठवा. शाल-श्रीफळ जरूर द्या, पण ते पाकिटानंतर. आजींबरोबर घरचं कुणीतरी येईल, त्यांचं जेवण-राहणं धरा, आणि आजींना वरच्या मजल्यावरची खोली देऊ नका. शुक्रवारी रात्री उशिरा पोहोचलेल्या नाईकांना "जरा दोन पदं होऊन जाऊ द्या" असा आग्रह कुणी करणार नाही एवढं तुम्ही जातीने बघा. शनिवारच्या सकाळचा गळा त्या दोन पदांत जातो.

राहिला महिना. पावसाळ्यात घेऊ नका. दमट हवेत कातडं सैल पडतं, संबळ बसका वाजतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. लग्नसराईत गोंधळी मोकळे नसतात, आश्विनात नवरात्र, मार्गशीर्षात खंडोबाच्या मंडळींची चंपाषष्ठी. पौष बरा. पौषात लग्नं नसतात, हवा कोरडी आणि गार, पान ताणलेलं राहतं. पण पौषाच्या शुद्ध पक्षात तुळजापूरला शाकंभरी नवरात्र असतं आणि पौर्णिमेच्या सुमारास पालीला खंडोबाची यात्रा, तेव्हा नाईकांना ओढू नका. पौष वद्यातला एखादा शनिवार-रविवार धरा आणि नाईकांना दिवाळीच्या आतच फोन करा. जात्याचा खुंटा ठीक आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या. जात्याला टाकी लावून, म्हणजे दगड टोचून पुन्हा खडबडीत करून, देणारा माणूस हल्ली शोधावा लागतो.